कडी बाहेरून आहे

ती. आत्या,

नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो, पण कमरेत उसण भरली आहे. जो नमस्कार मला आत्ता घालताच येणार नाही तो कागदावर घालून तुला फसवणं बरं दिसत नाही. कंबर मोकळी झाली की उरलेला घालीन.)

तुझा गुडघा कसा आहे? चष्म्याची दांडी बदललीस की अजून दोऱ्यावरच चाललंय? बाबांचा खोकला, दादाचं ऑफिस, वहिनीची झोप आणि बाळाचं न झोपणं हे सगळं जिथल्या तिथे असेल अशी आशा करतो. मी इथे खुशाल आहे. खुशाल म्हणजे कंबर सोडून, आणि डाव्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालंय ते सोडून. बाकी जेवढा उरतो तेवढा खुशाल आहे.

तू म्हणशील, याला फोन असताना पत्र लिहिण्याची बुद्धी कुठून झाली. त्याचं असं आहे की इथे रेंज येते ती फक्त गार्डकाकांच्या कुंपणाजवळच्या खडकावर, तीही एका पायावर उभं राहून दुसरा हवेत धरला तर. (दुसऱ्या पायाचा रेंजशी काय संबंध ते मला माहीत नाही. पण टेकवला की जाते.) परवा तसा बगळ्यासारखा उभा राहून तुझं बोलणं ऐकलं. रागावू नकोस, पण फोनवर तू मला दुसरं वाक्य कधी पूर्ण करू दिलेलं नाहीस. मी "आत्या, त्याचं असं झालं" एवढं म्हणालो आणि त्यानंतर तूच बोललीस. तुझं म्हणणं एवढंच कळलं, की जमीन बघायला पाठवलेलं टायरवालं गिऱ्हाईक जागा झपाटलेली आहे म्हणून पळालं. तू विचारायला फोन केलास तर त्याने तुझा नुसता "हॅलो" ऐकला आणि फोन आपटला, तेव्हापासून तुझा नंबर दिसला तरी उचलत नाही. आणि आता तू दुसरं गिऱ्हाईक बघणार, महिनाअखेरीस आपल्या ओळखीचा टेम्पो पाठवणार आणि मी बोचकं बांधून तयार राहायचं, कारण "त्या माळावर कोण राहणार आहे, भिंगरी? तू? तू तर एका खुर्चीवर अर्धा तास बसत नाहीस." एवढ्यात माझा पाय खाली टेकला.

तर त्याचं असं झालं.

मुळापासून सांगायचं तर कप्तानपासून सांगावं लागेल. कप्तान तुला आठवत असेल, बागेतल्या तळ्यात पायडलच्या होड्या भाड्याने द्यायचा तो. मी तेव्हा बेकरी सोडून पाट्या रंगवायला लागलो होतो (की पाट्या सोडून कुरिअर धरलं होतं, क्रम विसरलो), आणि दुपारी तळ्याकाठी जाऊन बसायचो. त्या वर्षी तळं आटलं. होड्या चिखलात रुतल्या आणि कप्तानला जगाची काळजी करायला भरपूर वेळ मिळाला. मोबाइलवर तो दिवसभर एकच बघायचा: वीज गेली, पाणी गेलं, दुकानं बंद झाली तर माणसाने कसं जगायचं. तिथे दाढीवाली माणसं डोंगरात घरं बांधून राहतात, स्वतःचं स्वतः पिकवतात आणि दाराआड वर्षाचं धान्य भरून ठेवतात. बघून बघून कप्तानचा चेहराच तसा झाला. दाढी आली, नजर लांब गेली. "भिंगरी, जगाचं काही खरं नाही," तो म्हणाला. "तयारीत असलेली माणसंच टिकणार. जागा आहे का कुठे?" आणि मला तुझा माळ आठवला. बाकी तुला माहीतच आहे, किल्ली तूच दिलीस. देताना हसलीस. ते हसणं मी विसरलेलो नाही.

आमची तयारी मात्र हसण्यासारखी नव्हती. विहिरीला नवा दोर घातला. पत्र्याला पन्हळ लावून पावसाचं पाणी पिंपात घेतलं. (पहिल्या पिंपाला खाली भोक होतं. ते त्यात पाणी साठत का नाही यावर बराच विचार केल्यावर सापडलं.) पाकिटं आणून सगळ्या प्रकारचं बी पेरलं. त्यातलं बरंचसं कोंबड्यांनी उकरून खाल्लं आणि भोपळा तेवढा उरला. पण काय उरला! आत्या, इथे भोपळा उगवत नाही, चाल करून येतो. आज भिंतीवर आहे, उद्या पत्र्यावर. एक वेल तर खिडकीतून आत येऊन माझ्या उशीपर्यंत पोचला होता. भोपळ्याची भाजी झाली, सार झालं, उकडून झाला, भाजून झाला, कप्तानने एकदा चहातही टाकून पाहिला. कोंबड्यांपैकी एक अंडी देत नव्हती. तिची आम्ही फार समजूत घातली, तिला वेगळी टोपली दिली, ऊब दिली, आणि एका सकाळी ती आरवली. असो.

पण सगळ्यात मोठं काम म्हणजे तळघर. चिंचेखाली आम्ही दोघांनी खड्डा खणला, आत फळ्या लावल्या, धान्याचे डबे, रिकामी पिंपं, मेणबत्त्या, सुक्या मिरच्यांचं पोतं, सगळं उतरवलं. झाकण म्हणून भंगारातून जुना दरवाजा आणला. मजबूत लाकूड, भली मोठी लोखंडी कडी. तो आडवा बसवला, कडी वरच्या अंगाला. कप्तान म्हणाला, यात वाईट दिवसात माणसंही लपू शकतात. मग त्याने शिट्टीचे नियम केले. एक शिट्टी म्हणजे या. दोन म्हणजे लपा. तीन म्हणजे चहा झाला. आणि अधूनमधून एक आठवडा सरावाचा: सगळं बुडालं आहे असं धरून राहायचं. बाजारात उतरायचं नाही, कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही, फोन बंद करून तांदळाच्या डब्यात पुरायचा. तू गिऱ्हाईक येतंय हे कळवायला केलेले सगळे फोन त्या तांदळात गेले, आत्या. माझ्यापर्यंत एक दाणाही पोचला नाही.

सरावात कप्तान बाहेर उभा राहून दोन शिट्ट्या मारायचा, मी धावत खड्ड्यात उडी घेऊन दरवाजा ओढून घ्यायचो. मग तो बाहेरून ठोकायचा, "शाबास," म्हणायचा आणि दार उघडायचा. कितीदा केलं असेल. एकदाही चूक झाली नाही. (अंगठ्याचं नख यातच गेलं, पण त्याला मी चूक म्हणत नाही.)

आता गार्डकाका. हे आमचे शेजारी. रेल्वेत मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्याने उभं राहून आयुष्य काढलं, आणि निवृत्त झाल्यावर माणसांपासून लांब राहायला म्हणून पलीकडच्या उतारावर घर बांधलं. तिथे आम्ही आलो. त्यांनी पहिल्या दिवशी कुंपणापाशी येऊन विचारलं, "किती दिवसांसाठी?" कप्तान म्हणाला, "कायमचे." ते परत गेले आणि कुंपण एक तार उंच केलं. तेव्हापासून ते रोज कुंपणापाशी येऊन आम्ही गेलो की नाही ते बघतात, आणि नाही हे कळल्यावर तासभर बोलत उभे राहतात. माणूस घुम्या आहे म्हणतात. मला तरी दिसला नाही.

त्या सराव-आठवड्यात एका दुपारी आम्ही दोघंही घरात भोपळा सोलत बसलो होतो. आणि बाहेर शिट्टी वाजली. एक. मग दुसरी. लांब, खणखणीत.

मी कप्तानकडे बघितलं. कप्तानने माझ्याकडे बघितलं. दोघांच्याही हातात भोपळा. "तू?" तो म्हणाला. "तू?" मी म्हणालो. आणि आत्या, त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी तळं भरलेलं असताना, रविवारच्या गर्दीतसुद्धा बघितला नव्हता. "आला," तो म्हणाला. "भिंगरी, तो दिवस आला!" आम्ही भोपळा टाकून धावलो, एकामागोमाग एक खड्ड्यात उडी मारली आणि दरवाजा धाडकन ओढून घेतला. वर कडी खळ्ळकन पडली आणि कोयंड्यात जाऊन बसली.

आतापर्यंत आमच्यातला एक जण नेहमी बाहेर असायचा. म्हणून आम्हाला कधी कळलंच नव्हतं, की आम्ही एवढी मेहनत करून बांधलेली सुरक्षित जागा फक्त बाहेरून उघडते.

आत अंधार. मेणबत्त्या होत्या, काडेपेटी स्वयंपाकघरात. कप्तान मिरच्यांच्या पोत्यावर बसला होता, पण ते आम्हाला मागाहून कळलं, आधी नाकाला कळलं. तो कुजबुजत मला धीर देत होता की आता बाहेर लुटालूट चालू असेल, घाबरायचं नाही. एवढ्यात पावलं आली. थेट आमच्या डोक्यावर थांबली. काहीतरी अंथरल्याचा आवाज झाला, मग दोन माणसं बसली, कारण दरवाजा दोनदा करकरला आणि दुसऱ्यांदा जरा जास्तच. मग डबा उघडला. आत्या, भोपळा नसलेल्या जेवणाचा वास फळ्यांच्या फटीतून खाली आला, आणि जग बुडालं असेल तर एवढं चांगलं जेवण घेऊन कोण फिरतंय असा प्रश्न मला पडला. कप्तान म्हणाला, "लुटलेलं असणार."

वर होते तुझे टायरवाले आणि त्यांची बायको. गाडी त्यांनी चुकून गार्डकाकांच्या वाटेवर घातली होती, ती मागे घेताना कुंपणाला लागेल म्हणून काकांनी जुन्या सवयीने खिशातली शिट्टी काढून वाजवली होती. दोन शिट्ट्या म्हणजे त्यांच्या हिशेबात, येऊ द्या मागे. हे काकांनी नंतर सांगितलं. तेव्हा आम्हाला नुसतं वरचं बोलणं ऐकू येत होतं. बाई म्हणत होत्या, "सावली किती छान आहे हो! इथे एक झोका बांधला तर?" आणि टायरवाले म्हणत होते, "झोका कसला? गोदाम बांधायचंय. ट्रक वळायला जागा लागते. हे झाडच आधी पाडून टाकू."

हे झाड म्हणजे तुझी चिंच. (तू म्हणतेस तू लावलीस. बाबा म्हणतात, जमीन घेतली त्या दिवशी तू इथे उभी राहून चिंच खात होतीस आणि चिंचोका थुंकलीस. मी तुझ्या बाजूचा आहे.)

इथे कप्तान शिंकला. मिरच्यांचं पोतं. रिकाम्या पिंपांमुळे ती शिंक अशी घुमली की मलाच आपण एखाद्या मोठ्या जनावराच्या पोटात आहोत असं वाटलं. वर चौकशी सुरू झाली. "तू शिंकलीस?" "मी कशाला शिंकू? तुम्हीच असाल." मग मी शिंकलो. मग म्हटलं आता लपून उपयोग नाही, आणि आतून दार ठोकत चांगल्या सभ्य आवाजात सांगितलं, की कडी तेवढी काढा हो. पण पिंपांनी त्याचं काय केलं कोण जाणे. वर काहीतरी गडबड झाली, डबा लवंडला, पावलं धावत गेली आणि गाडी सुरू झाली. कुंपणापाशी पुन्हा शिट्टी वाजली, पण ती बहुतेक कुणी ऐकली नाही, कारण काकांची एक तार तुटली आहे.

त्या तारेबद्दल भांडायला आले म्हणून आम्ही सुटलो. काकांनी ठोकण्याचा आवाज ऐकला, पण कडी लगेच काढली नाही. आधी वाकून विचारलं, "आत किती जण?"

"दोन."

"कधीपासून?"

"काका, कडी काढा ना."

"काढतो. तार कोण बसवून देणार?"

"आम्ही देतो!"

"दोघंही?"

"दोघंही, काका!"

मग त्यांनी कडी काढली. तार बसवताना वाकलो ती ही उसण.

कप्तान त्या दिवशी फार बोलला नाही. मला वाटलं घाबरला, पण तसं नव्हतं. तो दिवस आला नव्हता याचं त्याला वाईट वाटत होतं. दुसऱ्या दिवशी फोन तांदळातून काढून तो खडकावर गेला, आणि उतरला तो वेगळाच माणूस होऊन. बागेतलं तळं भरलंय म्हणे. होड्या तरंगताहेत. "भिंगरी," तो म्हणाला, "नीट विचार केला. जग बुडायला लागलं तर होडीच लागणार." आणि दाढी काढून, दोन भोपळे काखेत मारून तो खाली उतरला. जाताना शिट्टी मला देऊन गेला.

तर आत्या, सगळं हे असं आहे. भूत नाही, काही नाही. आम्हीच होतो. तू टायरवाल्यांना खुशाल कळव, जागेत काही दोष नाही. टेम्पो महिनाअखेरीस पाठवतेस तो पाठव. मोठ्यांना नमस्कार, बाळाला पापा. हे पत्र गार्डकाका बाजारात जाताना टाकणार आहेत, ते कुंपणापाशी घाई करत उभे आहेत (आणि घाई आहे हे मला तासभर सांगताहेत), म्हणून आटोपतो.

तुझाच,
भिंगरी

ता. क. एक राहिलं. टायरवाले शिंकेमुळे पळाले नाहीत. "कडी काढा"मुळेही नाही. शिंका झाल्यावर ते धीट होऊन म्हणाले, "उंदीरबिंदीर असेल. ते काही नाही, पुढच्या आठवड्यात कुऱ्हाडवाले आणतो." मग मी पिंपात तोंड घालून, लहानपणी फळीवरच्या बरणीला हात लावला की तू स्वयंपाकघराच्या दारातून ओरडायचीस ना, अगदी त्या आवाजात ओरडलो: "हात लावून तर बघ!" तुझा आवाज मला चांगला जमतो, आयुष्यभर ऐकलाय. मग घरी जाऊन त्यांनी फोन उचलला आणि तू "हॅलो" म्हणालीस. आता तुला कळलं असेल. त्यांना काही कळवू नकोस. कळवायचंच म्हटलंस तर पत्राने कळव.

ता. क. दुसरा. कप्तान जाऊन बरेच दिवस झाले आणि मी अजून इथेच आहे, हे तुझ्या लक्षात आलं का? माझ्या आलं नव्हतं. काल कोंबडा आरवला तेव्हा आलं. बेकरी, पाट्या, कुरिअर, कुठेच असं झालं नाही, की सकाळी उठल्यावर आता कुठे जायचं हे डोक्यात आलं नाही. इथे डोक्यात येतं ते भोपळ्याच्या वेलाला आज कुठून परत फिरवायचं. दुसरं गिऱ्हाईक बघू नकोस, आत्या. एक गिऱ्हाईक तुझ्या खुर्चीवर अर्धा तास बसायला शिकलंय.

ता. क. तिसरा, आणि खरं पत्र एवढंच आहे. टेम्पो वर येताना रिकामा पाठवू नकोस. गॅलरीत चादरीखाली तुझं पायाचं शिलाई मशीन आहे ना, बाळ उठतं म्हणून जे तू चालवत नाहीस, ते घाल त्यात. कप्तानच्या सगळ्या तयारीत विजेशिवाय चालणारी, कामाची एक वस्तू नव्हती, आणि ती तुझ्याकडे गप्प बसून आहे. इथे ते दिवसभर खडखडलं तरी फक्त गार्डकाका तक्रार करतील, आणि त्यांच्या कोटाची सगळी बटणं गेलेली आहेत. तुझी पिशवी घाल. चष्मा घाल. आणि पुढे टेम्पोवाल्याशेजारी तू बस. ही जमीन घेतलीस तेव्हा तू इथेच राहणार होतीस असं बाबा एकदा म्हणाले होते. ते हसत म्हणाले, म्हणून मी तेव्हा नीट ऐकलं नाही.

तळघराची कडी मी काढून आतल्या बाजूला लावणार होतो. पेचकस हातात घेतलाही होता, पण मग ठेवून दिला. राहू दे बाहेरूनच. बाहेर कुणीतरी असेलच.

टेम्पोवाल्याला सांग, गाडी मागे घेताना कुंपणापाशी दोन शिट्ट्या वाजतील, घाबरायचं नाही. या वेळी मी लपणार नाही, फाटकात उभा असेन. आणि तुझं पाऊल खाली पडलं की तीन वाजवीन.